बाई जेवायला येणार आहेत

आमच्या गावच्या शाळेत बाईंच्या हाताला कोणी भीत नव्हतं, आवाजालाही नाही. सगळी शाळा भीत होती ती त्यांच्या भुकेला. कोणी कोणाला बदडलं, वर्गात शिवी दिली, भिंतीवर तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकला, की बाई त्या पोराजवळ जायच्या, खांद्यावर हात ठेवायच्या आणि हळूच म्हणायच्या, "आज संध्याकाळी मी तुझ्या घरी जेवायला येते. आईला सांगून ठेव." बस, एवढंच. पोराचं तोंड असं उतरायचं, की त्यापेक्षा छडी परवडली असती.

त्यांना नाव होतं, हुद्दा होता, मुख्याध्यापिकाच होत्या त्या. पण गाव त्यांना ताटवाल्या बाई म्हणायचं. मूळच्या अमरावतीच्या, राजापेठेतल्या. आमचं गाव मूर्तिजापूरपासून आत, काळ्या मातीचं, पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, आणि तुरीचं. पाऊस पडला की रस्ता पायाला धरून बसतो. त्यामुळे आमच्याकडचे बरेच मास्तर अप-डाऊनवाले, शाळा सुटायच्या आधीच एक डोळा गाडीवर. बाईंनीही सुरुवातीला तेच केलं. पण संध्याकाळचं जेवण पोरांच्या घरी करायचं म्हटलं तर गाडी कुठली सापडणार? मग त्यांनी मारुतीच्या देवळामागं एक खोली घेतली. माझी नात साक्षी आणि तिचा धाकटा भाऊ बंटी, दोघं तेव्हा त्याच शाळेत. मी शाळेच्या समितीवर होते. सभा मी कधी चुकवत नसे, कारण माझं इतका वेळ ऐकून घेणारी ती गावातली एकच जागा होती.

बाई आल्या त्या वेळी शाळेची काय दशा होती ते सांगते. दारात पाण्याच्या टाकीला तोटी टिकत नव्हती, नवीन लावली की दुसऱ्या दिवशी कोणीतरी मोडलेली. शिव्या तर पाढ्यासारख्या पाठ. मास्तर छडीनं झोडायचे, पोरं मार खाऊन बाहेर यायची आणि लहानांना झोडायची. आणि आईबाप काय म्हणायचे? तुम्हालाही हे ठाऊकच असेल. पोराला मास्तरच्या पुढं ढकलायचं आणि म्हणायचं, हाडं आमची, चामडं तुमचं. बाई रुजू झाल्या तेव्हा एका बापानं चांगली तासून, गुळगुळीत केलेली छडी भेट म्हणून आणून दिली. बाईंनी दोन्ही हातांनी घेतली, आभार मानले. महिनाभरानं तो शाळेत आला तर ती छडी आवारात वालाच्या वेलाखाली रोवलेली. तो नाराज झाला. "बाई, म्या ते पोरासाठी आणली होती." बाई म्हणाल्या, "त्याच्यासाठीच लावली. शेंगा तोच खाईल." आणि खरंच, त्या शेंगा शाळेच्या खिचडीत पडायच्या.

बाईंचं जेवण पाहण्यासारखं असायचं. खुर्ची दिली तरी खाली बसत. पिठलं असो, नुसतं तिखट-तेल असो, ताट असं पुसून स्वच्छ करत की घासायची गरज पडू नये. शाळेत पुस्तकी बोलायच्या, पण ताटावर बसल्या की आमच्यासारखंच, मले-तुले. आणि ज्या गोष्टीसाठी पोराचे प्राण कंठाशी आलेले असत, ती गोष्ट त्या काढायच्याच नाहीत. तक्रार नाही, उपदेश नाही. शेळी व्याली का, म्हातारीचे गुडघे कसे आहेत, पोरगं घरी काय काम करतं, असलं बोलायचं आणि हात धुऊन निघायचं.

आमच्या आळीतल्या एका पोरानं शाळेच्या भिंतीवर खर्रा थुंकला होता. बाई त्याच्या घरी जेवल्या. जेवण झाल्यावर बापानं रोजच्या सवयीनं प्लास्टिकची पन्नी काढली आणि मांडीवर खर्रा घोटायला घेतला. तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं, की पोरगं त्याच्या हाताकडं पाहतंय आणि बाई पोराच्या डोळ्यांकडं. त्यानं ती पन्नी तशीच गुंडाळून खिशात घातली. दुसऱ्या दिवशी पारावर सांगत होता, "बाईनं काईच म्हटलं नाई राजेहो. म्हटलं असतं त भांडलो तरी असतो."

मी एकदा विचारलं बाईंना, की एवढं चालत जाता, जेवता, मग कानावर तरी का घालत नाही? तर म्हणाल्या, "मावशी, तक्रार घरी नेली की घरचे त्याले मारतात. तो शाळेत येऊन दुसऱ्याले मारते. तो मार फिरतच राहते गावात. कुठंतरी त्याले थांबवा लागते न."

पण आमचं वऱ्हाड म्हणजे वऱ्हाड. बाईंनी केली होती शिक्षा, आणि आमच्या बायांनी करून टाकला मान. बाई कोणाच्या घरी जेवल्या, काय जेवल्या, किती वाढून घेतलं, याची नळावर चर्चा व्हायला लागली. ज्यांची पोरं गुणी, त्यांच्या घरी बाई जाणारच कशाला? तिथं रुसवे. पाचवीत एक पोरगी होती, स्वभावानं इतकी गरीब की हजेरीलाही कुजबुजून ओ द्यायची. एके दिवशी तिनं वर्गाच्या खिडकीची काच फोडली. सगळे चकित. संध्याकाळी बाई तिच्या घरी गेल्या तर ताटात पुरणाची पोळी, वर तुपाची धार. बाईंनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "वहिनी, काच फुटली शाळा सुटता सुटता. पुरण त दुपारीच शिजलेलं दिसते." आईनं पदर तोंडात कोंबला. पोरगी रडायला लागली, "आईच म्हणे, तू काई करतच नाई, म्हणून बाई आपल्या घरी येत नाई."

बाईंनी पोळी संपवली, आणखी एक मागून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी नियम बदलला. आता बाई कोणाकडं एकट्या जाणार नाहीत. ज्यानं मारलं तो, ज्याला मारलं त्याच्या घरी जेवायला जाईल. वाढायचं मार खाल्लेल्यानं. बाई सोबत पंगतीला बसतील. आणि आधी विचारायचं ते ज्याला लागलं त्याला. तो नाही म्हणाला तर नाही. घरच्यांनी जबरदस्ती करायची नाही.

सभेत गोंधळ झाला. "मार बी आमच्याच पोरानं खायचा अन् जेवू बी आमीच घालायचं?" असं एकानं विचारलं, आणि प्रश्न काही चुकीचा नव्हता. बाई म्हणाल्या, "हो. ज्याच्या हातचं खाल्लं त्याच्यावर हात उचलणं जड जाते. पोरांना ते जड करू द्या." आमच्याकडं खाल्ल्या घरचे वासे मोजणाऱ्याला कोणी दारात उभं करत नाही, तेव्हा हे म्हणणं लोकांना कळलं. हळूहळू जमलं. टाकीची तोटी महिनोन्‌महिने टिकायला लागली. शाळेतल्या शिव्या संपल्या असं मी म्हणणार नाही, पण शिवी देऊन झाली की पोरगं इकडं-तिकडं पाहायचं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि मग त्या नियमाची पाळी माझ्या चुलीवर आली.

आमचं शेत आणि देवरावचं शेत एकमेकांना लागून. मध्ये धुरा, म्हणजे बांध. तो कोणी कोरला, कोणाचा किती आत आला, यावरून माझ्या सासूबाईंच्या काळापासून वैर. मूर्तिजापूरला केस चालू आहे. घरंही एकाच आळीत, मध्ये फक्त एक भिंत. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, त्या घरचं पाणी प्यायचं नाही. मी प्याले नाही. माझा मुलगा गजानन आणि देवराव एका वयाचे, पण एकमेकांशी बोलताना मी त्यांना पाहिलं नाही.

देवरावचा मुलगा ओम आणि आमची साक्षी सातवीत एकाच वर्गात. कबड्डी चालली होती. मधली रेषा पुसली गेली, साक्षीनं पायानं पुन्हा ओढली. ओम म्हणाला, "तुह्या बापाले बी रेषा आत ओढाची सवयच हाय." साक्षी काही ऐकून घेणारी नाही, तिनंही त्याच्या बापाचा उद्धार केला. त्यानं हातातली स्टीलची बाटली फेकून मारली. पोरीचा समोरचा दात अर्धा तुटला. फ्रॉकवर रक्त घेऊन आली घरी, आणि रडत नव्हती, त्यानंच मला जास्त भीती वाटली.

गजानन तडक शाळेत गेला. त्याचं एकच म्हणणं, ओमचा दाखला काढून त्याच्या हातात द्या. समितीच्या सभेत अध्यक्षही त्याच्या बाजूनं. बाईंनी सगळ्यांचं ऐकलं. मग म्हणाल्या, "दाखला मी काढणार नाही."

"मंग माह्या पोरीचा काढा," गजानन म्हणाला.

"तोही काढणार नाही. गजाननभाऊ, पोरांनी घरचं बोलणं शाळेत आणलं, जसा डबा आणतात तसं. डबा कोणी भरून दिला ते आधी पाहू."

यावर सभा पेटली. तालुक्याला तक्रारीचा अर्ज करायचं ठरलं, बाईंच्या विरुद्ध. शाळेतल्याच एका सरांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की मॅडम, रिटायरमेंटला थोडंच राहिलं आहे, कशाला अंगावर घेता? बाई म्हणाल्या, "थोडं राहिलं म्हणूनच." आणि मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "अर्ज जरूर करा. माझी बदली झाली तर नवा माणूस दाखला देईल. मी आहे तोवर ह्या शाळेतून एकही पोरगं हाकललं जाणार नाही."

हट्ट वाटेल तुम्हाला. पण आमच्या बसस्टँडवरच्या पानटपरीच्या बाकावर तेव्हा दोन पोरं दिवसभर बसलेली असत, दाढी फुटायच्या आधीच खर्रा घोटत. बाई येण्याआधी त्यांचे दाखले काढले होते. शिस्त लावायला. बाई रोज येता-जाता त्या बाकाकडं पाहायच्या. तिसरी जागा ओमसाठी तयारच होती.

दुसऱ्या दिवशी बाई आमच्याकडं आल्या. गजाननशी नाही, माझ्याशीही नाही, साक्षीशी बोलल्या. तिला म्हणाल्या, "लागलं तुला आहे. तू म्हणशील तरच तो येईल. नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही, दुसरं काहीतरी पाहू." पोरीनं तोंडावर हात धरून बराच विचार केला. मग म्हणाली, "येऊ द्या. पण भाजीत तिखट मी टाकीन."

गजानन म्हणाला, तो आला तर मी घरात थांबणार नाही. मी म्हटलं, "नको थांबू. पण चूल माही आहे." केली वांग्याची भाजी, टाकल्या भाकरी. साक्षीनं तिखटाचा डबा जवळ ओढला तेव्हा मी दुसरीकडं पाहिलं.

ओम आलाच नाही. देवरावनं त्याला सोडलं नव्हतं. बाई पाटावर बसलेल्या, पुढं वाढलेलं ताट, शेजारी रिकामा पाट. भाकरी वातड झाली. मी म्हटलं, बाई, तुम्ही तरी जेवा. तर म्हणाल्या, "पंगत दोघांची आहे मावशी. एकटीनं कशी जेवू?" आणि ताटाला नमस्कार करून उठल्या. ज्या बाईंनी कधी कोणाच्या घरी ताटात कण ठेवला नाही, त्या माझ्या दारातून उपाशी गेल्या. मलाही घास गेला नाही. पुढच्या संध्याकाळी पुन्हा आल्या, पुन्हा तसंच. तेव्हा नळावर बोलणं सुरू झालं. बाई त्यांच्या घरून उपाशी उठतात म्हणे. आमच्या घराची अब्रू जायला लागली, आणि तिकडं देवरावच्या बायकोलाही बाया तोंडावर म्हणायला लागल्या, तुमच्यापायी.

पुन्हा संध्याकाळ झाली. बाई बसल्या. ताट वाढलं. गजानन अंगणात येरझारा घालत होता. जाईन जाईन म्हणायचा, पण गेला नव्हता. भाकरीची वाफ निघून गेली तसा तो एकदम मधल्या भिंतीपाशी गेला आणि पलीकडं ओरडला, "अबे देवराव, पाठव न त्याले. बाई उपाशी मरून राह्यल्या माह्या घरी."

इतक्या वर्षांत माझ्या मुलानं त्या माणसाला उद्देशून काढलेले हे पहिले शब्द.

 थोड्या वेळानं ओम दारात उभा. हातपाय धुतलेले, केस चापून बसवलेले, हातात झाकलेली वाटी. आईनं ठेचा दिला होता; रिकाम्या हातानं कोणाच्या घरी पोराला कसं पाठवायचं? देवराव लांब रस्त्यावर पाठ करून उभा.

साक्षीनं वाढलं. ओमनं पहिला घास घेतला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.  तो खातच राहिला, नाक वर ओढत. बाईसुद्धा तीच भाजी खात होत्या, त्यांचेही कान लाल. बऱ्याच वेळानं साक्षीनं पाण्याचा तांब्या त्याच्याकडं सरकवला. तो प्याला. मग तिच्याकडं न पाहता म्हणाला, "दुखते काय?"

"चावताना दुखते."

त्यानं विचार केला. "दुधात भाकर कुस्करून खात जाय. माह्या आजीले एकबी दात नाई, ते तशीच खाते."

"मी काय तुही आजी हाव?" साक्षी म्हणाली.

अंगणात गजानन हसला. हसायचं नव्हतं त्याला, पण सुटलं. बाईंनी ताट पुसून स्वच्छ केलं, ठेच्याची वाटीसुद्धा. त्या निघताना मी म्हटलं, की पोरानं माफी तर मागितलीच नाही. म्हणाल्या, "मागायला लावली तर तोंडातून येते, पोटातून येत नाही. येईल त्याची त्याची."

अर्ज तालुक्याला गेला तो गेलाच. चौकशीला माणूस आला, पोरांना विचारून गेला, आणि पुढं काही झालं नाही. गजाननानं दाखल्याचं नाव पुन्हा काढलं नाही. दाताला कॅप बसली. ओम रोज शाळेत येत राहिला.

सत्र संपलं आणि बाई रिटायर झाल्या. निरोपाच्या दिवशी जो तो म्हणे, आज आमच्याकडं जेवा. बाई हसून म्हणाल्या, "मी कोणाला मारलं नाही, मग जेवायला कोणाकडं जाऊ?" तेव्हा मागून ओम उठला. "बाई, साऱ्याइच्या घरी झालं. आमच्याच घरी नाई झालं." खरंच होतं ते. नवा नियम मार खाल्लेल्यांच्या घरी जाण्याचा, आणि ओमला मारायची कोणाची हिंमत नव्हती. बाई म्हणाल्या, "येते. पण मावशी सोबत असतील तर."

मी ओसरीच्या पायरीशी अडखळले, खोटं कशाला सांगू. सासूबाईंचा आवाज कानात होता. आत देवरावची आई पाटाशी बसलेली, माझ्याच मागंपुढं ह्या गावात लग्न होऊन आलेली. दुधात भाकरी कुस्करत होती. वर न पाहता म्हणाली, "बस वो. भाकर थंडी होते." मी बसले. बाईंनी माझ्याकडं पाहिलंही नाही, वांग्याच्या भाजीला हात घातला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं त्या अमरावतीला गेल्या.

धुरा आहे तिथंच आहे. केसही चालू आहे, तारखेला गजानन आणि देवराव आपापल्या गाडीनं जातात. साक्षी आता अकरावीत आहे, राजापेठेत क्लासला असते आणि रविवारी बाईंकडं जेवते. फोनवर सांगते, की बाई ताटावर बसल्या की आधी विचारतात, ह्या आठवड्यात कोणाशी भांडलीस?

शाळेत बाईंच्या जागी दुसरे सर आले आहेत. भले आहेत, पण अप-डाऊनवाले. त्यांच्या कानावर हा नियम कोणी घातला की नाही, मला माहीत नाही. मागच्या आठवड्यात बंटी गालावर ओरखडा घेऊन आला. विचारलं तर म्हणाला, काही नाही. दिवेलागणीला दारात एक चिमुरडी उभी, तिसरी-चौथीतली असेल. बाई गेल्या तेव्हा ही शाळेतही नव्हती. हात ओले, खाली मान, ओंजळीत दोन पेरू.

"आजी," ती म्हणाली, "जेवाले आली मी."

मी तिच्यासाठी पाट मांडला. बंटीला हाक मारली आणि म्हटलं, ऊठ, वाढ.